सापडलेलंच पुन्हा शोधताना

नागपंचमी जवळ आली की आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडून पचमढीच्या गाड्या भरभरून जातात. तिथल्या नागद्वारीच्या गुहेची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते, म्हणून ती वर्षातले मोजके दिवसच उघडी असते. घसरड्या उतारावर लोखंडी शिड्या, वरून पावसाची झड, आणि मागचा ओरडतो, "सरका वो बाई!" मी जाते. माझं माहेर महादेवाचं, सासर महानुभाव पंथाचं, इतर देवांना न भजणारं. लग्नानंतरही ही वारी सोडली नाही, म्हणून सासरी पुष्कळ ऐकून घेतलं.

भाची सिएटलला असते. तिथल्या एका बागेत जिओकॅशिंगवाल्यांचा मेळावा होता. नवशिक्यांना खेळ शिकवायचा, मुरलेल्यांनी हकिकती सांगायच्या. खेळ असा: कुणीतरी डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. शोधणाऱ्यानं मोबाइलवरचे आकडे बघत जायचं, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, वस्तू उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथंच दडवायचा. तिला सापडलेली डबी बोटाच्या पेराएवढी. आत कागदाची गुंडाळी, पेन्सिलही मावेना. तिनं मला फोनवर विचारलं, "मावशी, नागद्वारी तर केव्हाची सापडलेली आहे. मग दर वर्षी तिथंच पाहाले काहून जाता?"

तिच्या खेळात डबा सापडला की खात्यावर एक आकडा चढतो आणि माणूस पुढच्या डब्यामागे लागतो. यात्रेकरूचं उलट. त्याला नवीन काही नकोच असतं. मग देव त्या जागेत आहे, की आपल्या जाण्यात?

या प्रश्नावर सासरच्या पंथानं सातशे वर्षांपूर्वीच डोकं चालवलं आहे. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर स्वामी कुठल्या गावी कुठं बसले, कुठं जेवले, देवळाच्या कोणत्या बाजूला निजले, दार कोणत्या दिशेला, हे सगळं 'स्थानपोथी'त टिपलेलं आहे. उपग्रहाचं नावही नव्हतं तेव्हा दिशा आणि खुणांवर जागा पक्क्या केल्या. त्या जागी ओटे बांधले. रिद्धपूरला अशा ओट्यावर डोकं टेकणारी म्हातारी माणसं मी बघते. कपाळ दगडाला लागतं, ओठ हलत असतात. पण महानुभाव त्या दगडाला देव म्हणत नाहीत. दगडाला स्वामींचा संबंध घडला, म्हणून तो वंदनीय. त्याच्यापाशी जाऊन करायचं ते स्मरण. मला हे उत्तर पटतं. जागा पवित्र असेल तर ती कुणाच्या तरी असण्यामुळे, आणि असणं विसरायला होतं म्हणून परत जावं लागतं. माहेरच्यांना हे पुस्तकी वाटतं. त्यांच्या मते गुहेत महादेव आहे, संपलं.

गंमत अशी की डबेवाल्यांनाही हे परत जाणं चुकलेलं नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाचं यंत्र एकदम नेमकं झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली. तीत इतर सामानाबरोबर घेवड्याचा एक डबा होता. बादली आता नाही. तिथं पाटी बसवली आहे आणि तिच्याकडे दूरदूरचे लोक मुद्दाम येतात. तो घेवड्याचा गंजका डबा पुढे हाती लागला. तो मेळाव्यांत दाखवतात, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. महानुभावांकडे स्वामींच्या स्पर्शाच्या वस्तू 'प्रसाद' म्हणून जपतात, त्याचीच मला आठवण झाली. भाचीला सांगितलं तर ती हसली. गंजका डबा आणि प्रसाद एका पारड्यात घालणं सासरच्यांना तर अजिबात रुचणार नाही. मीही तसं घालत नाही. डब्यामागे एका खेळाचा आरंभ आहे, प्रसादामागे शरण जाण्याजोगं कुणीतरी. पण जिथं शोधायला काहीच उरलं नाही तिथं पुन्हा जावंसं वाटणं, ही ओढ एकच आहे, आणि शोधण्याच्या हौसेपेक्षा मी तिला मोठी मानते.

पांढुर्ण्याहून वरूड, मोर्शी करत रिद्धपूर एका दिवसात होतं. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही झालं आहे. तुम्ही एकदा जाऊन आला असाल, तर पुन्हा जा.