ग्लॅण्डची डोरी

पेण



रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत तुला अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. आपल्या पेणला कारखाना म्हटला की गणपतीचा, त्यामुळे तू रोज रोह्याला जाऊन नेमकं काय करतोस, हे आळीत कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही. व्हॉल्व्हच्या आत काय असतं, असं विचारलंस. लिहितो.

चाक फिरवलं की स्पिंडल खालीवर होतो. त्याच्या टोकाला गेट, म्हणजे पाचरीसारखी जाड चकती. ती बॉडीतल्या दोन सीटांमध्ये घट्ट बसली की लाइन बंद. बॉडीवरचं झाकण ते बॉनेट, मध्ये गॅस्केट. गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायचा नाही. गेट थडथडतं, सीट झिजते. प्रवाह कमीजास्त करायला ग्लोब व्हॉल्व्ह.

पण माणसाचा हात कळतो तो ग्लॅण्डवर. स्पिंडल बॉनेटमधून बाहेर येतो तिथे फट राहणारच. तिथल्या पोकळीत, म्हणजे स्टफिंग बॉक्समध्ये, डोरीतून कापलेल्या पॅकिंगच्या कड्या भरतात, वरून ग्लॅण्ड दाबते. आम्ही अ‍ॅस्बेस्टॉसची डोरी उघड्या हाताने भरायचो, कुणी काही बोलायचं नाही. आता वाफेला ग्रॅफाइट, आम्लाला टेफ्लॉन. कडी तिरपी काप. एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ देऊ नकोस. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. एकच बाजू पिळलीस तर ग्लॅण्ड तिरकी बसते आणि स्पिंडल धरतो. लाइनला प्रेशर असताना मात्र ग्लॅण्ड सोडायची नाही, साहेब सांगो नाहीतर आणखी कुणी.

ग्लॅण्ड गळली तर डोळ्यांना दिसते. सीट गळली, व्हॉल्व्ह ‘पासिंग’ असला, तर बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून चाक बंद दिसलं की फ्लँज खोलायला धावू नकोस. आधी परमिट, मग ड्रेन उघडून प्रेशर उतरलंय का ते बघायचं, आणि ब्लाइंड, म्हणजे लाइन अडवणारी चकती, टाकल्याशिवाय पुढचं काम नाही. गळलेलं गटारात गेलं तर पुढे कुंडलिका नदी आहेच, मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून घेऊन बारमाही वाहणारी.

चाकाला पाइप अडकवून जोर काढणारे भेटतील. स्पिंडल वाकवतात ते हेच.

स्टोअरमध्ये डोरी मागताना माप सांग: स्टफिंग बॉक्सच्या व्यासातून स्पिंडलचा व्यास वजा कर, उरेल त्याचं निम्मं. बॉक्स ४० मिमी, स्पिंडल २४, तर डोरी ८ ची. १० ची ठोकून बसवू म्हणतील, घेऊ नकोस.

तुझा काका