लोखंडापुढची शपथ

शपथ घ्यायची ती कोणापुढे? जो निष्कलंक आहे, ज्याच्या हातून कधी पाप घडले नाही, त्याच्यापुढे, असे आपण सहज म्हणून जाऊ. परंतु पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांनी याचे निराळेच उत्तर दिले आहे. त्यांच्यातला ओगुनचा भक्त नायजेरियाच्या न्यायालयात साक्षीला उभा राहिला, की धर्मग्रंथाऐवजी लोखंडाचा तुकडा ओठांना लावून खरे बोलण्याची शपथ घेऊ शकतो.

हा ओगुन म्हणजे लोखंडाचा देव. लोहार, शिकारी, योद्धा आणि आता मोटार हाकणारासुद्धा, हे सारे त्याचे. कथा अशी सांगतात, की ईरे गावी ताडीच्या धुंदीत, क्रोधाच्या भरात त्याने आपल्याच माणसांची कत्तल केली आणि शुद्धीवर येताच तो धरणीच्या पोटात गेला. ज्याचे हात स्वकीयांच्या रक्ताने माखले, त्यालाच सत्याचा साक्षी का करावे?

शेजारच्या फॉन लोकांत हाच देव 'गू' या नावाने ओळखला जातो. दाहोमीचा राजा ग्लेले याच्यासाठी अकाती एक्पलेकेंदो या लोहाराने १८५८ च्या सुमारास गूची पुरुषभर उंचीची मूर्ती घडविली, तीही युरोपातून आलेल्या भंगार लोखंडातून. तिच्या टोपीवर लहान लहान अवजारे आहेत. शेतीचीही आणि युद्धाचीही. पण दाहोमीच्या सैन्याने शेजाऱ्यांवर धाडी घातल्या, माणसे धरून विकली, तेव्हा गूने कोणाचा हात धरला नाही. १८९४ मध्ये फ्रेंचांनी ती मूर्तीच उचलून नेली. २०२१ साली फ्रान्सने बेनिनला २६ वस्तू परत केल्या, त्यांत गू नव्हता. मग शस्त्राची पूजा माणसाला आवरते, की त्याच्या हिंसेला परवाना देते?

माली देशातील मांदे लोक लोहाराला 'नुमू' म्हणतात. लोखंड घडविताना 'न्यामा' नावाची शक्ती मोकळी होते आणि ती आवरली नाही तर घात करते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून लोहारांचे विवाह लोहारांतच होतात. लोक त्याला भितात. पण तंटा मिटवायचा झाला तर त्यालाच मध्यस्थ करतात. ज्याला शक्तीचा धोका ठाऊक, त्याच्याच हाती ती सोपवावी, हे त्यांचे शहाणपण.

ओगुनच्या शपथेचे मर्म मला येथेच सापडते. निष्कलंकापुढे उभे राहिले, की आपणही तसेच आहोत, असे माणसाला वाटू लागते. लोखंडापुढे तसे वाटत नाही. ज्या हाताने पीक कापतो, तोच हात गळाही कापू शकतो, हे ते विसरू देत नाही. पूजेचा परवाना होतो तो माणूस हात आपला आहे हे विसरून सारा भार देवावर टाकतो तेव्हा.

ओगुनला शुद्ध आली ती कत्तलीनंतर. माणसाला ती आधी यावी, एवढ्यासाठीच तर तो लोखंड ओठांना लावतो.