रोज वीस सेकंद मागे

बाबांची एचएमटी ‘जनता’ सर्व्हिसिंगहून आली त्या रात्री मी ती फोनवरच्या वेळेशी लावली. दुसऱ्या रात्री पाहिलं तर वीस सेकंद मागे. तीन दिवसांत मिनिटभर. पैसे मोजून दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतंच कसं, म्हणून तडक मंडईमागच्या बोळात काकांकडे गेले.

“रोज वीसच?” त्यांनी विचारलं.

“हो. अठरा, एकवीस, वीस.”

“मग छान चाललंय की.”

मला रागच आला. काकांनी मागचं झाकण उघडून एक बारीकशी कळ दाखवली. “ही केसभर सरकवली की तुझे वीस सेकंद गेले. ते सोपं आहे, पोरी. आणलंस तेव्हा हे एक दिवस दोन मिनिटं पुढे, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागे जात होतं. वंगण सुकलेलं, आत धूळ. ते धुऊन, तेल देऊन रोज सारखं चालायला लावलं. मेहनत त्यात असते.”

या घड्याळाचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, दिवसाला ४,३२,०००. त्यातले शंभर कमी पडतात. एवढ्यासाठी मी भांडायला गेले होते.

पण मुद्दा शंभर ठोक्यांचा नाही. चूक कशाला म्हणायचं, हा आहे. पूर्वी जहाजावर रेखांश घड्याळावरून काढायचे. चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकतो. जॉन हॅरिसनच्या घड्याळाची चाचणी घ्यायला १७६१ मध्ये जहाज जमैकाला निघालं. नंतर वाद झाला, कारण घड्याळाचा रोजचा फरक त्याने आधी सांगून ठेवलेला नव्हता. १७६४ च्या बार्बाडोसच्या सफरीआधी त्याने तो जाहीर केला. घड्याळ अजिबात चुकू नये असा हट्ट कुणाचाच नव्हता. किती चुकणार ते आधी कळलं पाहिजे, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला बाबाच आठवले. ते सातला येतो म्हणायचे आणि सात वीसला यायचे. वर्षानुवर्षं. आई कुकर त्या हिशोबाने लावायची. मी हे कौतुकाने सांगत आलेय, की बाबा उशिरा यायचे, पण भरवशाचे होते. आता वाटतं, यात एक लबाडी आहे. हॅरिसनने आपला फरक स्वतः सांगितला. बाबांचा फरक आईने शोधून काढला, पाठ केला आणि रोज मनात मिळवत राहिली. त्यांच्या वक्तशीरपणाची बेरीज ती करत होती. ‘मी असाच आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरात अशी बेरीज करणारं कुणीतरी असतं, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

तरी बाबांची बेरीज करता तरी यायची. माझी येत नाही. मी ‘पोहोचतेच’ असं टाइप करते, आणि त्याचा अर्थ कधी दहा मिनिटं असतो, कधी दोन तास. कधीकधी मी वेळेच्या आधीही पोहोचते आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजते. बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं, हा जुना विनोद माझ्यावर इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

“सरकवू का कळ?” काकांनी विचारलं.

“नको. रोज सकाळी चावी देताना मीच लावत जाईन.”

“आणि रात्री फोनच्या शेजारी ठेवू नकोस. त्याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं.”

बोळातून बाहेर पडले तोच आईचा मेसेज आला : कधी येतेस? ‘पोहोचतेच’ लिहिलं, खोडलं आणि ‘साडेआठ’ पाठवलं.

दार उघडलं तेव्हा जनतात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. आई जेवून भांडी घासत होती. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं.