स्वल्पविराम

बेंगळुरूत येऊन मला चोवीस वर्षं झाली. मूळचा मी सांगलीचा. इथे आल्यावर कन्नडमधलं पहिलं वाक्य शिकलो ते बसमधल्या शेजाऱ्याकडून: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’. थोडं सांभाळून घ्या. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देणारं हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मराठीत ‘स्वल्प’ हा शब्द आपण बोलण्यातून जवळजवळ टाकूनच दिला आहे. तो शिल्लक आहे तो ‘स्वल्पविरामा’त, म्हणजे थोडंसं थांबण्यात.

मागच्या वर्षी मुलीनं शिकाऊ परवान्याची परीक्षा दिली. आठवडाभर ती नियम आणि चिन्हं पाठ म्हणत घरभर फिरत होती. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही आउटर रिंग रोडवरून सिल्क बोर्डच्या चौकाशी आलो. सिग्नल हिरवा होता, पण चौकापलीकडची रांग जागची हललेली नव्हती. मागून हॉर्न सुरू झाले आणि मी गाडी पुढे घेतली. दिवा लाल झाला तेव्हा मी चौकाच्या मधोमध होतो. आडव्या रस्त्यानं सुटलेली बस माझ्या दारापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्यामागे सगळंच थांबलं.

“बाबा, पलीकडे जागा नसेल तर हिरवा असला तरी चौकात शिरायचं नाही. पुस्तकात आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“मग?”

बसच्या खिडकीत एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. अवेळी आलेल्या पावसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मान वळवली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवी माणसाला देतात. पावसाला कोण देतं?

वाहतूक कोंडीचा विषय निघाला की आमच्याकडे कुणी ना कुणी म्हणतंच, “रस्ते वाढवून काय होणार? लोकांना आधी गाडी चालवायला शिकवा.” मीही हे अनेकदा म्हटलं आहे, आणि म्हणताना ‘लोक’ म्हणजे मी सोडून बाकीचे, असंच मनात होतं. पण मला काय शिकवायचं राहिलं होतं? चौकात अडकण्याची शक्यता असेल तर हिरव्या दिव्यावरही शिरू नये, हे 2017 च्या मोटार वाहन चालन नियमावलीतही आहे. मला ते माहीत होतं. आपल्याकडे यासाठी चार शब्द आहेत: कळतं पण वळत नाही.

परवान्याच्या परीक्षेत कळतं की नाही, ते तपासतात. संगणकावर चिन्हं ओळखायची. मग महिन्याभरानं आखलेल्या मार्गावर आठचा आकडा काढायचा, गाडी मागे घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा सोडायची. हे सगळं यायलाच हवं. पण त्या मार्गावर उमेदवाराच्या आडवं येणारं कुणी नसतं. मागे हॉर्न वाजवणारं नसतं, फटीत घुसणारी स्कूटर नसते, खिडकीतली बाई नसते. रस्ता म्हणजे मुख्यतः इतर माणसं, आणि परीक्षा घेतात ती इतर माणसं वगळून.

मग चांगल्या शिक्षणानं कोंडी सुटेल का? इथे दोन गोष्टी मला अडवतात.

पहिली जपानमधली. युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मीटर परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या सोडल्या होत्या. सिग्नल नाही, चौक नाही, अरुंद जागा नाही. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास एकसारखं चालवा, एवढीच सूचना. थोड्या वेळानं तिथेही कोंडी तयार झाली आणि उलट्या दिशेनं वर्तुळात फिरू लागली. कुणी नियम मोडला नव्हता. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की एखाद्याचं किंचित मंदावणं मागच्यांपर्यंत वाढत जातं. म्हणजे प्रत्येक कोंडीमागे गुन्हेगार असतोच असं नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरांबद्दल दाखवलं की रस्ते जितके वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. मोकळी झालेली जागा भरून जाते. शिस्तीनं मोकळी केलेली जागाही तशीच भरणार नाही कशावरून? बेंगळुरूत नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. उत्तम शिकलेला चालकही एकट्यानं गाडीतून जाताना न शिकलेल्याइतकीच जागा अडवतो. ऑगस्ट 2025 मध्ये सिल्क बोर्डवरून मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. कोंडी कमी करण्याच्या बाबतीत तिच्यातला एक भरलेला डबा माझ्या सगळ्या सद्‌वर्तनापेक्षा जास्त काम करतो, हे मान्य करावंच लागतं.

तरीही चौकात न शिरण्याचं शिक्षण फुकट गेलं असं मला वाटत नाही. चूक आपण ते कशासाठी मागतो यात आहे. ‘सगळे नीट चालवतील तर सगळे लवकर पोचतील’ हा सौदा आहे, आणि सौद्यात समोरच्यानं शब्द पाळला नाही की आपणही मोकळे होतो. मी त्या संध्याकाळी नेमकं हेच केलं: बाकीचे शिरणारच आहेत, मग मीच का थांबू? पण खिडकीतल्या बाईशी माझा सौदा नव्हता. तिचा वेळ माझ्या मालकीचा नव्हता, एवढंच. मी लवकर पोचेन की नाही, यावर ते अवलंबून नाही. ‘अ‍ॅडजस्ट माडी’ बसमध्ये म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं. चौकात मी ते तिला न विचारताच करायला लावलं.

इथवर विचार सोपा होता. बापाची पंचाईत पुढे होती. स्वतः नुकसान सोसून थांबणं वेगळं आणि मुलीला तसं शिकवणं वेगळं. जी जागा सोडते तिची जागा जाते. अशा गावात तिला भिडस्त करून सोडायचं का? शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मॅडम, गॅप दिलात तर दिवसभर इथेच उभ्या राहाल.” माणूस वाईट नव्हता. तो तिच्या भल्याचंच सांगत होता.

महिन्याभरानं ती चालवत होती, मी शेजारी. पुढेमागे लाल ‘एल’ लावलेले. तोच चौक, तोच हिरवा दिवा, पलीकडे तशीच तुंबलेली रांग. ती पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबली. मागून हॉर्नांचा गिल्ला झाला. एक रिक्षावाला बाजूनं काढताना तिच्याकडे बघून काहीतरी ओरडला. तिनं राखलेल्या जागेत आधी स्कूटर शिरल्या, मग ती रिक्षा, मग एक टेम्पो. चौक भरायचा तसा भरलाच. तिच्या थांबण्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

“घे पुढे” हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी ते गिळले. पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून धरला होता.

दिवा लाल झाला. आमची पाळी गेली.

“चुकलं का माझं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“पण कुणालाच फायदा झाला नाही ना.”

“नाही झाला.”

तिनं मान डोलावली. आम्ही पुढच्या हिरव्या दिव्याची वाट बघत राहिलो. मागचे हॉर्न वाजतच होते. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात मी एकटाच होतो. मला बघणारं कुणी नव्हतं, आणि मी पट्टीच्या अलीकडे थांबलो.