उसनी साक्ष

दिवाळीच्या सुटीत नातू घरी आला की माझ्या लिहिण्याच्या मेजावर त्याचे राज्य सुरू होते. तिथे त्याचा पडदा उभा राहतो, आणि मी माझे कागद घेऊन मुकाट्याने झोपाळ्यावर जातो. यंदा मात्र तो आपण होऊन झोपाळ्यापाशी आला. हातात चार पाने होती. अकरावीच्या वार्षिकासाठी त्याने ‘डेड सेल्स’ नावाच्या व्हिडिओ गेमचे परीक्षण लिहिले होते. आजोबांनी शुद्धलेखन तेवढे तपासावे, एवढीच त्याची अपेक्षा.

लेख मोठा सफाईदार होता. त्या वयाला न शोभण्याइतका सफाईदार. या खेळात मरण ही शिक्षा नसून शिकवणी आहे, अशा अर्थाचे एक वाक्य वाचून मी थबकलो. विचारले, “हे तुला केव्हा जाणवलं रे?”

तो जरा चाचरला. “ते मी एका ठिकाणी वाचलं. पण आजोबा, ते खरंच आहे ना? मग बिघडलं कुठं? मी काही त्या आयजीएनवाल्यासारखं सगळंच्या सगळं नाही उचललं!”

हा आयजीएनवाला कोण, हे मला ठाऊक नव्हते. नातवाने सांगितले ते असे. आयजीएन ही खेळांची परीक्षणे करणारी अमेरिकेतील एक मोठी संस्था. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिने याच ‘डेड सेल्स’चे परीक्षण प्रसिद्ध केले. त्याच्या काही दिवस आधी ‘बूमस्टिक गेमिंग’ नावाने यूट्यूबवर परीक्षणे करणाऱ्या एका लहानशा माणसाने त्याच खेळाविषयी आपले मत मांडले होते. त्याने दोन्ही परीक्षणे शेजारीशेजारी ठेवून दाखवली. मुद्द्यांचा क्रम तोच, कित्येक वाक्यांची घडणही तीच. संस्थेने ते परीक्षण मागे घेतले, लेखकाला कामावरून दूर केले आणि जाहीर माफी मागितली. पुढे त्या लेखकाच्या इतर लिखाणातही अशी साम्ये निघाली, तेव्हा त्याचे सगळेच लेखन काढून टाकण्यात आले. मग दुसऱ्या परीक्षकाने तो खेळ नव्याने खेळून भरघोस गुण दिले.

म्हणजे खेळ खरोखरच उत्तम होता! उसन्या परीक्षणातली स्तुती खोटी नव्हती. नातवाचा प्रश्न त्यामुळे अधिकच अवघड झाला. जे खरे आहे, ते दुसऱ्याच्या शब्दांत सांगितले तर पाप कोणते?

मौज अशी की, हा खेळ स्वतःच पुष्कळांचा ऋणाईत आहे. मेलास की पुन्हा पहिल्यापासून आरंभ आणि दर खेपेला वाटा नव्या, ही कल्पना 1980 च्या ‘रोग’ या खेळापासून चालत आलेली. किल्ल्यातील भटकंती ‘कॅसलव्हेनिया’च्या वळणाची. परंतु फ्रान्समधील ‘मोशन ट्विन’ या त्याच्या कर्त्यांनी हे कधी लपवले नाही. दोन्ही नावे एकत्र गुंफून त्यांनी आपल्या खेळाला ‘रोगव्हेनिया’ म्हटले. 2023 साली तर खुद्द ‘कॅसलव्हेनिया’च्या मालकांच्या संमतीने त्या खेळातील जागा आणि माणसे आपल्या खेळात आणली. इथे घेणे आहे, पण चोरी नाही. घेतलेल्याचे नाव सांगितले आहे, आणि त्यात आपली भर घातली आहे.

आपल्याकडे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याचा विचार करून ठेवला आहे. एका कवीची कृती दुसऱ्यासारखी दिसते, ती तीन तऱ्हांनी. एक, आरशातील प्रतिबिंबासारखी. तिला स्वतःचा प्राणच नाही. दुसरी, चित्रासारखी, तिच्यात प्राण असला तरी नगण्य. तिसरी, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखी. पहिल्या दोन त्याज्य. तिसरीला मात्र त्याची हरकत नाही, कारण चेहरा सारखा असला तरी जीव ज्याचा त्याचा निराळा असतो. एकच खेळ खेळलेल्या दहा परीक्षकांचे लेखन पुष्कळसे सारखे होणारच. तलवार तीच, राक्षस तेच. प्रश्न एवढाच, की त्या सारखेपणामागे दहा माणसे आहेत, की एक माणूस आणि नऊ आरसे?

हे सगळे मी नातवाला सांगितले. तो ऐकत होता, पण पटल्याची खूण चेहऱ्यावर दिसेना. तेव्हा मला एक गोष्ट सांगावी लागली. घरात ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

पन्नासएक वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका साप्ताहिकात मी नाट्यपरीक्षणे लिहीत असे. एकदा मुंबईची एक मंडळी आली. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून मी दुसऱ्या अंकानंतर उठलो. तिसऱ्या अंकाचे काय करावे? मुंबईच्या एका दैनिकातील परीक्षण माझ्यापाशी होते. त्यात तो अंक रेंगाळतो असे म्हटले होते. मी शब्द थोडे फिरवले आणि तेच लिहून टाकले. पुढे ती मंडळी पुन्हा आली. त्यांच्यातले एक वयस्कर नट मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाले, “साहेब, त्या रात्री दिवे गेले होते. तिसरा अंक आम्ही निम्मा गाळून कसाबसा संपवला. तो आपल्याला रेंगाळल्यासारखा कुठं वाटला?”

मी काय उत्तर देणार? मुंबईत खरे असलेले मत माझ्या गावी खोटे झाले होते. पण दिवे गेले नसते, अंक खरोखरच रेंगाळला असता, तरी मी खोटाच ठरलो असतो. फक्त पकडला गेलो नसतो. परीक्षक हा साक्षीदार आहे. “मी पाहिले” एवढेच त्याच्यापाशी देण्यासारखे असते. दहा जणांनी चव घेतली असे समजून वाचक पंगतीला बसतो. पदरचे पैसे आणि वेळ खर्च करतो. चव एकानेच घेतलेली असेल, तर मूळ लेखकाचे श्रम जातातच, पण वाचकाचा विश्वासही जातो. आणि उचलणाऱ्याचे? मला तो तिसरा अंक कसा वाटला असता, हे मला आता कधीच कळणार नाही.

नातू काही बोलला नाही. पाने घेऊन गेला. भाऊबीजेच्या सकाळी त्याने दीडच पान आणून दिले. भाषा ओबडधोबड, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका जागोजाग. त्यात एके ठिकाणी लिहिले होते : ‘पहिल्या मोठ्या राक्षसापुढे मी बावीस वेळा मेलो. तेविसाव्या वेळी जिंकलो, पण आनंद झाला नाही. पुढची वाट अनोळखी होती, त्यामुळे भीतीच वाटली.’ आधीच्या लेखातले ते सफाईदार वाक्यही होते. शेजारी ते कोणाचे आहे हेही लिहिले होते, आणि खाली ‘मला हे पूर्ण पटत नाही’ अशी पुस्ती जोडली होती.

मी ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले. बाकी एका शब्दालाही हात लावला नाही.