मासळीमागची माणसं

अलास्कातलं केचिकन हे क्रूझ जहाजांचं गजबजलेलं बंदर. जहाज तिथे काही तास थांबतं, तेवढ्यात काही प्रवासी खेकडे पकडणाऱ्या एका बोटीवर जातात. तिचं नाव ‘अल्युशियन बॅलड’. बेरिंग समुद्रात एका अजस्र लाटेने ही बोट आडवी केली होती. ‘डेडलिएस्ट कॅच’ या मालिकेत ते दृश्य जगाने पाहिलं.

आता तिच्यावर प्रवाशांसाठी बाकं आहेत. निवाऱ्याच्या पाण्यात खलाशी पिंजरे ओढतात, खेकडे टाकीत ठेवून दाखवतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. खरं काम याहून फार वेगळं असतं. भर हिवाळा, डेकवर साचणारा बर्फ, शेकडो किलोंचे लोखंडी पिंजरे आणि अपुरी झोप.

बाकावर बसून ती थंडी कळत नाही. पण तिथे काम करणारी माणसं समोर दिसतात, त्यांच्याशी बोलता येतं. एरवी ताटात येणाऱ्या मासळीमागचे हात आपल्याला दिसतात कुठे?

आज मासळी बाजारात गेलात, तर भाव जरूर विचारा. मात्र घासाघीस करण्याआधी, ही मासळी कोणत्या बंदरातून आली, बोटीवर कोण होतं, हेही एकदा विचारा.