भीती कोणाची, मर्यादा कोणावर?

आपल्या मनात उपजलेल्या भीतीने दुसऱ्याच्या कार्याची मर्यादा ठरवावी काय? १९३८ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या एल्झाडा क्लोव्हर व लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक, चार पुरुषांसह, होड्यांतून कोलोरॅडो नदीच्या प्रवासास निघाल्या. रखरखीत प्रदेशातील ग्रँड कॅन्यन या अतिशय खोल दरीतून ही नदी उसळत जाते. हे स्त्रियांचे स्थान नव्हे, असे त्यांस ऐकावे लागले. ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती. १९२८ साली बेसी हाइड ही नवविवाहिता पतीसह याच दरीत नाहीशी झाली. होडी मात्र शाबूत सापडली. परंतु वाचकहो, नाहीसा तर पतीही झाला होता! त्यावरून पुरुषांस कोणी अडविले नाही. मायेपोटी लेकीबाळींस अडविणाऱ्या आम्हां गृहस्थांस हा विचार टोचल्यावाचून राहत नाही.

त्या दोघींस दरीतील निवडुंगादी वनस्पतींची नोंद करावयाची होती. दिवसा खवळलेल्या पाण्याशी झुंज, मुक्कामी झाडपाला कागदांत दाबून ठेवणे, असा सुमारे सहा आठवड्यांचा क्रम. (स्वयंपाकही बहुधा त्यांच्याकडेच!) १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाने पाणी अडविले व नदीचे रूप पालटले. तत्पूर्वी तिच्या काठी काय उगवत होते, हे जाणण्यास अभ्यासक आजही त्या दोघींची १९४४ साली प्रसिद्ध झालेली वनस्पतिसूची उघडतात.